पवनारचा बंगला आणि जमिनीचे थर

रोहण्याच्या शाळेने सहल काढायची ठरवली, तर आम्ही पवनार सुचवू. तेथे धाम नदीकाठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. १९३८ साली प्रकृती सुधारावी म्हणून विनोबा तेथे राहायला आले. भोवतालची जमीन खणताना त्यांना कोरीव शिल्पे मिळाली. वाकाटककाळातील, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. ती आज आश्रमात पाहता येतात. पुढे १९६७ साली नागपूर विद्यापीठाने पवनारला उत्खनन केले.

या दोन खणण्यांत फरक कोणता? शेतातली कुदळ वस्तू देते. उत्खनन त्या वस्तूचा थर आणि शेजारही नोंदवते. विस्कटलेला थर पुन्हा वाचता येत नाही. म्हणून शिल्पांची नावे पाठ करून घेण्याआधी मुलांना विचारू द्या : हे नेमके कोठे सापडले? याच्या शेजारी काय होते?