रुमाल सोडण्याआधी

मी मूळचा सायन्सवाला. एका छोट्या संस्थेत पहिल्यांदा मोडी कागदांचा रुमाल सोडला, तेव्हा वाटलं, सगळं विषयवार लावून टाकू. तिथल्या काकांनी हातच धरला. कारण नंतर कळलं.

पेशवेकालीन पत्रांत बरेचदा तिथी किंवा चंद्र असतो, महिना असतो, पण सन नसतो. मग शेजारचे कागद कुठले, यावरून वर्षाचा अंदाज बांधावा लागतो. क्रम मोडला की तो पुरावा गेला. नमुन्याच्या बाटलीवरचं लेबल हरवावं तसं.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. तरी न छापलेलं अजून पुष्कळ रुमालांतच आहे.

गंमत म्हणजे जुना हातकागद टिकतो. नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे लवकर तुटतो. म्हणून संस्थेची जुनी इतिवृत्तंही जपायला हवीत.

तुम्ही जाल तेव्हा आधी आहे त्या क्रमाने फोटो काढा, क्रमांक द्या, मग यादी करा. लॅमिनेशन नकोच, ते धड काढता येत नाही. आणि मोडी शिका. वाचणारा नसेल तर जपलेला कागदही मुकाच!