कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा

कबड्डी या भारतीय मैदानी खेळाच्या राष्ट्रीय संघांमध्ये होणाऱ्या स्पर्धा. आशियाई क्रीडासामने, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा, दक्षिण आशियाई क्रीडासामने व विश्वचषक स्पर्धा हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. रग्बीप्रमाणेच कबड्डीतही प्रतिपक्षाच्या खेळाडूस प्रत्यक्ष पकडून रोखावे लागते. मात्र येथे चेंडू नसतो व चढाई करणाऱ्यास एका दमात परतावे लागते. रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात १८७१ मध्ये एडिंबरो येथे झाला. कबड्डीला ही अवस्था गाठण्यास त्यानंतर सुमारे शंभर वर्षे लागली. खेळाची लोकप्रियता मोठी असली, तरी नियमांची एकवाक्यता नव्हती, हे या विलंबाचे एक महत्त्वाचे कारण होय.

महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तमिळनाडूत चडुगुडु अशा निरनिराळ्या नावांनी हा खेळ प्रचलित होता. त्याच्या पद्धतीही भिन्न होत्या. संजीवनी पद्धतीत बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा खेळात येई. गामिनीत संपूर्ण संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच राही. अमर पद्धतीत गडी बाद होऊनही मैदान सोडीत नसे, केवळ गुण मोजला जाई. महाराष्ट्रातील क्रीडासंस्थांनी या शतकाच्या पूर्वीच्या शतकात, विशेषतः १९२० च्या सुमारास, नियम बांधून देण्याचे कार्य हाती घेतले. १९२३ मध्ये बडोदे येथे अखिल भारतीय पातळीवरील सामने भरविण्यात आले.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांत कबड्डीचा समावेश होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये खानदेशातील फैजपूर येथे जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन पार पडले. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. तथापि ग्रामजीवनातील गोष्टींना राष्ट्रीय जीवनात मानाचे स्थान देण्याची त्या काळातील वृत्ती दोहोंतही दिसून येते. १९३८ मध्ये कलकत्ता येथील भारतीय ऑलिंपिक सामन्यांत कबड्डीचा अंतर्भाव झाला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला व पुढे संजीवनी पद्धतीवर आधारलेले नियम सर्वत्र रूढ झाले. हुतूतू हे आपले प्रांतिक नाव बाजूला ठेवून महाराष्ट्राने कबड्डी हे नाव स्वीकारले.

राष्ट्रीय संघांच्या भेटीगाठींना १९७४ मध्ये भारतीय संघाच्या बांगला देशाच्या दौऱ्याने चालना मिळाली. बांगला देशाचा संघ १९७९ मध्ये परतभेटीस भारतात आला. १९७८ मध्ये आशियाई हौशी कबड्डी महासंघाची स्थापना झाली आणि १९८० मध्ये कलकत्ता येथे पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. या प्रसारकार्यात महाराष्ट्रातील शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा मोठा वाटा होता. १९८२ च्या दिल्ली आशियाई सामन्यांत कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले. १९९० मध्ये बीजिंग येथे तिला पदकाचा दर्जा लाभला. तेव्हापासून २०१४ पर्यंतच्या सातही आशियाई सामन्यांत पुरुषांचे सुवर्णपदक भारतानेच मिळविले. प्रारंभीच्या काळात बांगला देश व पाकिस्तान हे त्याचे प्रमुख प्रतिस्पर्धी होते. महिलांच्या स्पर्धेचा समावेश २०१० मध्ये ग्वांगजो येथे झाला.

विश्वचषक स्पर्धेचा आरंभ महाराष्ट्रात झाला. २००४ मध्ये मुंबई व २००७ मध्ये पनवेल येथे झालेल्या स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत भारताने इराणला अनुक्रमे ५५-२७ व २९-२२ असे हरविले. या दोन निकालांतील गुणांचे अंतरच इराणच्या प्रगतीचे निदर्शक आहे. दरम्यान मातीच्या मैदानाची जागा मॅटने घेतली. त्यामुळे पावसाळ्यातही बंदिस्त क्रीडागृहात सामने घेणे सुकर झाले आणि ज्या देशांत मातीच्या मैदानाची परंपरा नव्हती, तेथेही खेळ रुजू लागला. मात्र मातीवर तयार झालेल्या ग्रामीण खेळाडूस पायांतील बूट व मॅटची पकड यांची नव्याने सवय करावी लागली. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे इराण व दक्षिण कोरिया येथील खेळाडूंना भारतीय खेळाडूंबरोबर नियमित खेळण्याची संधी मिळाली. २०१६ च्या अहमदाबाद येथील विश्वचषकात दक्षिण कोरियाने सलामीच्याच सामन्यात भारताला ३४-३२ असे नमविले. अंतिम सामन्यात मात्र भारताने इराणवर ३८-२९ अशी मात केली.

२०१८ च्या जाकार्ता आशियाई सामन्यांत भारताची मक्तेदारी संपुष्टात आली. पुरुषांच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताचा २७-१८ असा पराभव केला, तर महिलांच्या अंतिम सामन्यात इराणनेच २७-२४ असा विजय मिळविला. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन होत्या. महाराष्ट्राने जोपासलेली विद्याच परक्या संघाच्या यशास कारणीभूत झाली, हे या पराभवाचे वैशिष्ट्य होय. पराभवाची खंत भारतीयांना वाटणे स्वाभाविक असले, तरी खेळाचा प्रसार खऱ्या अर्थाने झाल्याची ती खूण होती.

२०२३ मध्ये हांगजो येथे भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळविली. महिलांनी तैवानच्या संघास २६-२५ असे, तर पुरुषांनी इराणला ३३-२९ असे हरविले. पुरुषांचा सामना २८-२८ अशा बरोबरीत असताना राखीव क्षेत्रातील एका प्रसंगाला जुना नियम लावावा की नवा, या वादामुळे सुमारे तासभर थांबला होता. इंग्लंड-स्कॉटलंड यांच्या १८८४ च्या रग्बी सामन्यातही असाच नियमाचा वाद उद्भवला होता व त्यातूनच १८८६ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळ स्थापन झाले. प्रतिस्पर्धी तुल्यबळ झाले, की नियमांचा अर्थ लावणारी निःपक्षपाती व सर्वमान्य यंत्रणा अपरिहार्य ठरते. नियम एकत्र आणून कबड्डीला देशव्यापी करण्याचे कार्य विसाव्या शतकात झाले. तेच कार्य जागतिक पातळीवर पूर्णत्वास नेण्यावर या स्पर्धांची प्रतिष्ठा अवलंबून आहे.