घरखर्च आणि धर्मकार्य : कर्वे दांपत्यातील एक वाद

आईवडिलांमध्ये पैशावरून होणारे वाद इतिहासाच्या साधनांत सहसा उतरत नाहीत. दप्तरात जमाखर्च राहतो. त्यावरून झालेली बोलाचाली राहत नाही. धोंडो केशव कर्वे व आनंदीबाई यांचे घर हा या बाबतीत मोलाचा अपवाद होय. पतीचे ‘आत्मवृत्त’ आणि पत्नीचे ‘माझे पुराण’ (१९४४) अशा दोन्ही बाजू येथे उपलब्ध आहेत.

विवाह १८९३ सालचा. अनाथ बालिकाश्रमाची स्थापना १८९६ ची. फर्ग्युसन महाविद्यालयातील प्राध्यापकाचे वेतन, तेही मोजकेच, आणि घरात वाढती मुले. अशा स्थितीत कर्व्यांनी आपली शिल्लक आश्रमास दिली. पुढे आयुष्याच्या विम्याचा कागदही संस्थेच्या नावे केला. या प्रश्नावरून घरात खटके उडत, हे त्यांनी स्वतः लपविलेले नाही. पण या खटक्यांना केवळ काटकसर व औदार्य यांचा झगडा समजणे चुकीचे ठरेल. आनंदीबाई स्वतः बालविधवा होत्या. आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत त्या हिंडल्या होत्या. त्यांचा विरोध संस्थेस नव्हता. विम्याची रक्कम ही अर्थतः कर्व्यांच्या मागे राहणाऱ्या विधवेची व तिच्या मुलांची होती, आणि ती दिली जात होती विधवांच्याच आश्रयासाठी! चरित्रकारांनी या विसंगतीकडे पुरेसे लक्ष दिले आहे, असे मला वाटत नाही.

भाषेची साक्ष येथे उपयुक्त आहे. मराठीत नवरा ‘घरखर्चाला पैसे देतो’. ‘देणे’ या क्रियापदातच मिळकत देणाराची हे गृहीत आहे. घेणारीचा हक्क त्यात कोठे दिसत नाही. शास्त्राने स्त्रीधनास स्वतंत्र नाव दिले, परंतु चालू मिळकतीवरील पत्नीच्या वाट्यास तसे नाव मिळाले नाही. शिवाय दुर्भिक्ष, व्याधी, बंदिवास यांबरोबरच धर्मकार्यासाठी पतीने घेतलेले स्त्रीधनही परत करण्याचे बंधन याज्ञवल्क्याने त्याच्यावर ठेवले नाही. लोकसेवेस धर्मकार्याचे स्थान मिळाले, तेव्हा ही जुनी सवलत सुधारकाच्या घरातही, नाव न घेता, वावरू लागली असावी.

इंग्रजी कायद्याचाही आधार नव्हता. पत्नी व मुले यांच्या लाभार्थ घेतलेला विमा विश्वस्त-निधी मानावा, अशी तरतूद १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्यात होती. पण हिंदू स्त्रिया त्यातून वगळलेल्या होत्या. मुंबई इलाख्यात ती तरतूद हिंदूंच्या विम्यांस लागू झाली १ एप्रिल १९२३ पासून. तोवर कर्व्यांची मुले कर्ती झाली होती. त्यांपैकी दिनकर यांनी १९६३ साली आईवडिलांच्या दोन्ही कथनांतील निवडक भाग ‘द न्यू ब्राह्मिन्स’ या एकाच पुस्तकात इंग्रजीत आणला.