कानडा किनारा आणि मस्कत : तांदळाने जोडलेले दोन प्रदेश

टिपू सुलतान आणि ओमानचे राज्यकर्ते यांच्या संबंधांचा विचार बहुधा इंग्रजविरोधी राजकारण अथवा समान धर्म या अंगाने केला जातो. तथापि या संबंधांचा खरा पाया तांदूळ हा होता, असे उपलब्ध साधनांवरून दिसते.

ओमानच्या किनाऱ्यावर पाऊस अत्यल्प. तेथे खजूर मुबलक, पण भाताचे पीक बेताचेच. याउलट होनावर ते मंगळूर या कानडा किनाऱ्यावर मुसळधार पाऊस आणि विपुल भातशेती. पावसाळा संपला की जहाजे तांदूळ घेऊन अरबी समुद्र ओलांडत.

या तांदळावर गोवाही अवलंबून होता. म्हणूनच सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी केळदीच्या नायकांशी केलेल्या करारांत तांदळाच्या पुरवठ्याला महत्त्वाचे स्थान मिळाले. इ. स. १६५० मध्ये मस्कत हातचे गेल्यावर कानड्यातील बंदरांत अरबांना व्यापार करू देऊ नये, असा पोर्तुगीजांचा आग्रह राहिला. इ. स. १६९५ मध्ये अरबांनी मंगळूर जाळले, त्यामागे हीच कोंडी होती. दोन्ही पक्षांच्या दृष्टीने हा प्रश्न पोटाचा होता.

इ. स. १७६३ मध्ये हैदर अलीने बिदनूर जिंकले आणि हा किनारा म्हैसूरकडे आला. टिपूने मस्कतला सरकारी कोठी स्थापन केली. तेथील दारोगा मीर काझिम याला १७८५-८६ च्या सुमारास लिहिलेली त्याची पत्रे कर्कपॅट्रिकने १८११ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. तांदूळ, मिरी व चंदन पाठवावे आणि मस्कतहून खजुराची रोपे, केशराचे बी, रेशमाचे किडे व गंधक मागवावे, असा हा व्यवहार होता. मालाबरोबर नवी पिके आणि नवे उद्योग आणण्याची दृष्टीही त्यात दिसते. जकातीच्या सवलतींवर उभय पक्षांचा पत्रव्यवहार चाले. सुन्नी सुलतान, इबादी राज्यकर्ते आणि मस्कतमधील माव शेठसारखे हिंदू दलाल या व्यवहारात एकत्र आले होते. केवळ धर्माच्या आधारे या सहकार्याचा उलगडा होत नाही.

इ. स. १७९८ मध्ये मस्कतच्या सुलतान बिन अहमदने इंग्रजांशी कौलनामा केला. पुढच्याच वर्षी श्रीरंगपट्टण पडले आणि कानडा कंपनीच्या ताब्यात गेला. सरकारी कोठीचा व्यापार संपला, परंतु तांदूळ जातच राहिला. इ. स. १८०१ मध्ये मंगळूरला आलेल्या फ्रान्सिस बुकाननने तेथील मुख्य निर्यात म्हणून तांदळाचीच नोंद केली असून मस्कत, मुंबई, गोवा व मलबार येथे तो जात असल्याचे म्हटले आहे.

तह आणि लढाया शिकविताना ही बाजूही विद्यार्थ्यांसमोर आली पाहिजे. राजवटी बदलल्या, मित्र-शत्रू बदलले, पण एका किनाऱ्याची भूक आणि दुसऱ्या किनाऱ्याचे पीक यांचे नाते टिकून राहिले.