सा. न. वि. वि. ते सेव्हन-झिप

हेन्डरसनच्या आमच्या घरात टेबलाच्या खणात तीन सीड्या आहेत. माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, नागपूरच्या थोरल्या काकांना १९६८ ते १९८७ या काळात लिहिलेली पत्रे त्यांत आहेत. काकांनी ती तारेला टोचून जपून ठेवली होती. अप्पा गेल्यावर माझ्या भावाने पुण्यात एकेक पत्र स्कॅन केले, सगळ्यांची मिळून एक आवळलेली फाइल केली, तिचे तीन तुकडे तीन सीड्यांवर घातले आणि २००५ च्या दिवाळीत इकडे येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवून दिले.

नवा देश, नवी नोकरी, मुलांच्या शाळा. "सवडीने पाहू" म्हणता म्हणता सात वर्षे गेली. २०१२ साली मुलीला शाळेत घराण्याचा इतिहास लिहायचा होता म्हणून सीड्या बाहेर काढल्या, तर फाइल उघडेना. भावाने वापरलेला प्रोग्राम विकतचा होता, महिनाभर फुकट वापरायला मिळालेला. आता तो कुठे मिळेना. आणि मूळ पत्रे? पुण्याचे जुने घर सोडताना "आता सगळे कॉम्प्युटरवर आहे" म्हणून ती रद्दीत गेली होती.

ती फाइल शेवटी उघडली एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने. तेव्हापासून या 'झिप' प्रकरणाच्या इतिहासाचा मला नाद लागला.

खरे तर ही कल्पना आपल्याला नवी नाही. अप्पांचे प्रत्येक पत्र 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि.' असे सुरू होई. शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, एवढा मजकूर पाच अक्षरांत! लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला संक्षेप ठाऊक असला की झाले. पाणिनीने तर सगळे स्वर 'अच्' या एका शब्दात आणि सगळी व्यंजने 'हल्' या शब्दात बांधली. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, असे वचन नागेश भट्टांच्या 'परिभाषेंदुशेखर' या ग्रंथाच्या शेवटी येते. अठराव्या शतकात काशीला राहिलेले हे नागेश भट्ट मूळचे महाराष्ट्रीय, काळे घराण्यातले.

कॉम्प्युटरही हेच करतो. १९५२ साली डेव्हिड हफमन यांची रीत प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकत असताना परीक्षेऐवजी लिहायच्या निबंधातून त्यांना ती सुचली होती. वारंवार येणाऱ्या अक्षराला छोटी खूण, क्वचित येणाऱ्याला मोठी. १९७७ आणि १९७८ साली इस्रायलच्या अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव्ह यांनी आणखी एक युक्ती मांडली. एखादा मजकूर पुन्हा आला की तो पुन्हा लिहायचा नाही, "मागे अमुक ठिकाणी पाहा, तेथून इतकी अक्षरे घ्या" एवढेच लिहायचे. आजच्या बहुतेक प्रोग्रामांच्या मुळाशी या दोन कल्पना आहेत.

१९८९ साली अमेरिकेतल्या फिल कॅट्झ यांनी 'पीकेझिप' आणला. त्यांचा प्रोग्राम विकतचा होता, पण झिप फाइलची आतली रचना त्यांनी सर्वांसाठी खुली केली. त्यामुळे 'इन्फो-झिप' नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाला नाना तऱ्हेच्या कॉम्प्युटरांवर चालणारे फुकट प्रोग्राम लिहिता आले. कॅट्झ २००० साली अवघ्या ३७ व्या वर्षी गेले. त्यांची झिप मात्र राहिली. आजची वर्डची फाइल (डॉक्स) आणि ई-पब पुस्तक आतून झिपच असते.

उलट उदाहरणही आहे. एलझेडडब्ल्यू नावाच्या पद्धतीवर पेटंट होते. त्याचा जाच नको म्हणून जाँ-लू गेयी आणि मार्क अ‍ॅडलर यांनी १९९२ साली पेटंटमुक्त 'जीझिप' लिहिला. ते पेटंट अमेरिकेत २००३ साली संपले.

१९९९ मध्ये रशियाच्या इगोर पावलोव्ह यांनी 'सेव्हन-झिप' आणला. तो फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. तो विंडोजसाठी होता; लिनक्स आणि मॅकसाठी इतरांनी 'पी-सेव्हन-झिप' केला आणि २०२१ साली खुद्द पावलोव्ह यांनी लिनक्सची आवृत्ती काढली. इटलीच्या जॉर्जो तानी यांचा 'पीझिप' २००६ चा; तोही फुकट, विंडोज आणि लिनक्सवर, पुढे मॅकवरही. आमच्या घरी माझे विंडोज, मुलीचे मॅक आणि मुलाचे लिनक्स, त्यामुळे याचे मोल आम्हांला कळते!

आणि आता आपल्या न्यूझीलंडची गोष्ट. सेव्हन-झिपमध्ये 'पीपीएमडी' नावाचा एक पर्याय दिसतो. आधीच्या अक्षरांवरून पुढचे अक्षर ओळखण्याची ही रीत. 'महारा' एवढे वाचले की पुढे 'ष्ट्र' येणार हे तुम्ही-आम्ही ओळखतोच ना, तसे. तिची मूळ कल्पना जॉन क्लिअरी आणि इयन विटन यांनी १९८४ साली मांडली. तेव्हा ते कॅनडात होते. पुढे दोघेही हॅमिल्टनच्या वायकाटो विद्यापीठात आले. क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि हे दोघे यांनी १९९० साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. नव्या पद्धती पारखायला जगभर वापरला जाणारा 'कँटरबरी कॉर्पस' हा फाइलींचा संचही १९९७ साली तिथेच तयार झाला. मोटारवेने हॅमिल्टन ओलांडताना आता मला अप्पांची पत्रे आठवतात.

मराठीला याचा विशेष फायदा होतो. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'मराठी' या शब्दाची पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट. पण त्या तिनांतला पहिला बाइट दर वेळी तोच असतो आणि दुसरा दोहोंपैकी एक. ही पुनरुक्ती आवळणाऱ्या प्रोग्रामच्या लगेच लक्षात येते.

आता आमच्या सीड्यांकडे वळते. पहिल्या दोन नीट वाचल्या गेल्या. फाइलींच्या मराठी नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे आली, पण पत्रांवर तारखा होत्या. तिसरी सीडी मात्र खराब झाली होती, ती वाचलीच गेली नाही. त्यामुळे १९८३ नंतरची पत्रे आमच्याकडे नाहीत. आवळलेल्या गाठोड्याचा हा धोका असतो. पुनरुक्ती काढून टाकल्यावर हरवलेला तुकडा भरून काढायला काही उरत नाही.

झिपमधून बाहेर आलेल्या फाइलीत एक अनुस्वारही कमी होत नाही. फोटोची जेपेग किंवा गाण्याची एमपी-थ्री फाइल लहान करताना मात्र काही भाग कायमचा टाकून दिला जातो. अप्पा हा दुसरा प्रकारही वापरत! १९७६ च्या एका पत्रात पावसापाण्याच्या चौकशीनंतर फक्त "बाकी सर्व क्षेम" आहे. त्याच आठवड्यात आईचे मोठे ऑपरेशन झाले होते, हे मला पुढे तिच्याकडूनच कळले. त्या तीन शब्दांत काय होते, ते कोणताही प्रोग्राम मला उलगडून देणार नाही.

म्हणून सर्वांना एवढीच विनंती. घरची पत्रे, आजीचा आवाज, लग्नाचे फोटो जपायचे असतील, तर ज्याची रचना खुली आहे अशाच प्रकारात बांधा. निदान दोन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा आणि दर दोन-तीन वर्षांनी उघडून पाहा. मूळ कागद रद्दीत देऊ नका. पासवर्ड घातलाच, तर तो दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवा.

भावाला मी कधी बोल लावला नाही. त्याने रात्री जागून स्कॅन केले नसते, तर तीही पत्रे हाती आली नसती. अप्पांची पत्रे आता आमच्या तिन्ही कॉम्प्युटरांवर आहेत आणि एक प्रत पुण्याला त्याच्याकडे आहे. परवा मुलीने त्यातले एक वाचून विचारले, "आई, शि. सा. न. वि. वि. म्हणजे काय गं?"

मी तिला ते उलगडून सांगितले.