टेनिसच्या मास्तरांचे भांडण

भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचे, असे आजीला विचारले तर ‘बेतानं’ एवढेच उत्तर मिळते. तिची भाकरी कधी चिरत नाही. पण बेत म्हणजे किती, हे तिला सांगता येत नाही. ज्याला एखादी गोष्ट उत्तम येते त्याला ती उत्तम सांगताही येते, असे आपण सहसा धरून चालतो. हे कितपत खरे, यावरून १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या टेनिस प्रशिक्षकांत मोठे मतभेद झाले. त्यांचा इतिहास शिक्षकांनी जरूर पाहावा असा आहे.

१९६८ साली व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धा खुल्या झाल्या आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत टेनिसची लाट आली. हजारो प्रौढ माणसे रॅकेट घेऊन कोर्टावर आली. त्यांना शिकवायचे कोणी आणि कसे? प्रशिक्षकांची एक संघटना १९२७ पासून होतीच. पण प्रत्येक मास्तराची पद्धत निराळी. एकाने शिकवलेले दुसऱ्याकडे गेल्यावर विसरावे लागे. बिली जीन किंगचे प्रशिक्षक डेनिस व्हॅन डर मीर यांनी यावर उपाय म्हणून ‘प्रमाण पद्धत’ मांडली. प्रत्येक फटक्याचे ठरावीक टप्पे, ठरावीक क्रमाने शिकवायचे. १९७६ मध्ये त्यांनी प्रशिक्षकांची दुसरी संघटनाच काढली. आपल्याकडे ठरवून दिलेल्या पाठ-टाचणाबद्दल जे वाद होतात, त्यांची आठवण व्हावी असेच हे प्रकरण आहे.

दुसरी वाट व्हिक ब्रेडन यांची. हे मानसशास्त्राचे पदवीधर. १९७४ मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात टेनिसचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली, आणि गिडियन एरियल या जीवयांत्रिकीच्या अभ्यासकाच्या मदतीने खेळाडूंच्या हालचाली वेगवान कॅमेऱ्याने टिपून संगणकावर मोजल्या. त्यातून एक गंमत पुढे आली. ब्रेडन सांगत असत, की जवळजवळ प्रत्येक नामवंत खेळाडू म्हणतो, ‘फोरहँड मारताना मी मनगट फिरवून रॅकेट चेंडूवरून गुंडाळतो.’ चित्रफितीत मात्र चेंडूला स्पर्श होताना मनगट जवळजवळ स्थिर दिसे. ते फिरे ते चेंडू निघून गेल्यावर. म्हणजे खेळाडू खोटे बोलत नव्हता, त्याला तसे वाटत होते. पण तेच ऐकून मास्तर मुलांना मनगट फिरवायला शिकवत होते!

असे का व्हावे, हे भौतिकशास्त्रावरून समजते. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रोडी यांनी १९७९ मध्ये टेनिसच्या रॅकेटच्या भौतिकीवर शोधनिबंध लिहिला. चेंडू तारांना चिकटून राहतो तो सुमारे पाच हजारांश सेकंद. डोळ्यांनी पाहून हाताने प्रतिसाद द्यायला आपल्याला साधारण दोनशे हजारांश सेकंद लागतात, म्हणजे चाळीस पट. तेव्हा ‘चेंडू लागल्यावर असे करा’ ही सूचना पाळणे कोणालाच शक्य नाही. चेंडूला वरची फिरकी, म्हणजे टॉपस्पिन, मिळते ती रॅकेट खालून वर येत असताना चेंडूला घासून गेल्यामुळे. तो मार्ग स्पर्शाच्या आधीच ठरलेला असतो.

याच सुमाराला तिसरा आवाज उठला, तो टिमोथी गॅलवे यांचा. हार्वर्डच्या टेनिस संघाचे हे माजी कप्तान. ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ हे त्यांचे पुस्तक १९७४ मध्ये निघाले. त्यांचे म्हणणे असे, की मास्तर फार बोलतात. कोपर असे, खांदा तसा, या सूचनांनी शिकणाऱ्याच्या मनात एक हुकूम सोडणारा जागा होतो आणि शरीराचे काम अडवतो. म्हणून चेंडू टप्पा घेताना ‘टप्पा’ आणि रॅकेटला लागताना ‘टोला’ एवढेच म्हणायला ते सांगत. लक्ष चेंडूवर राहते आणि हात आपोआप जुळवून घेतो. पूर्वी कधीही न खेळलेल्या एका मध्यमवयीन बाईंना त्यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर थोड्याच वेळात खेळायला लावले.

पाहणारे थक्क झाले. पण आपण विज्ञानाची माणसे. आपला प्रश्न असा, की याच बाई त्याच दिवशी दुसऱ्या मास्तराकडे गेल्या असत्या तर? तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आठवड्यानंतर त्यांना काय येत होते, हेही या प्रात्यक्षिकातून कळत नाही.

अशा चाचण्या पुढे प्रयोगशाळांत झाल्या. १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन यांना दिसले, की हाताच्या हालचालींचा एकेक प्रकार सलग घोटणारे सरावात पुढे असतात. पण दहा दिवसांनी तपासल्यावर, सरमिसळ सराव केलेलेच सरस ठरतात. १९९२ मध्ये मास्टर्स यांनी गोल्फचा चेंडू खळग्यात ढकलण्याचा प्रयोग केला. नियम सांगून शिकवलेले सुरुवातीला पुढे गेले, पण मनावर ताण आणल्यावर त्यांची प्रगती थांबली. नियमांशिवाय शिकलेल्यांची चालू राहिली. १९९८ मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी बर्फावरच्या घसरणीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर काहींना स्वतःच्या पायांकडे, तर काहींना पायांखालच्या चाकांकडे लक्ष द्यायला सांगितले. चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले.

मग जिंकले कोण? आमच्या मते ब्रेडन आणि गॅलवे निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. चेंडूचे काय होते, हा ब्रेडन यांचा प्रश्न. त्याचे उत्तर कॅमेरा देतो. ते माणसाला कसे जमू लागते, हा गॅलवे यांचा प्रश्न. त्याचे उत्तर शिकणाऱ्याचीच परीक्षा घेऊन मिळते. पहिले उत्तर मास्तराला माहीत हवेच, नाहीतर तो चुकीचेच शिकवील. पण ते जसेच्या तसे मुलाच्या कानात ओतले की काम झाले, असे नाही. आणि प्रमाण पद्धतीबद्दल ख्रिस एव्हर्टची गोष्ट ध्यानात ठेवावी. लहानपणी ताकद पुरेना म्हणून ती बॅकहँड दोन्ही हातांनी मारी. तिचे वडील स्वतः प्रशिक्षक होते. ती पुढे एका हाताने मारू लागेल, अशी त्यांची आशा होती. तिने सवय बदलली नाही, आणि दोन हातांचा तोच फटका पुढे जगभर शिकवला जाऊ लागला.

हा वाद वर्गात पडताळून पाहता येतो. मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. बादलीत चेंडू टाकायचा. एका गटाला कोपर, मनगट, पाय यांच्या सूचना द्या. दुसऱ्याला फक्त बादलीकडे पाहायला सांगा. दोघांनाही सारखेच प्रयत्न द्या आणि नेम मोजा. मात्र निकाल त्याच दिवशी जाहीर करू नका. आठवड्याने, काहीही न सांगता, पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.