भूखंडविक्रीची संकेतस्थळे व मराठवाड्यातील जुने दप्तर

जमिनीच्या व्यवहाराचा इतिहास हा बहुतांशी विश्वासाचा इतिहास होय. पाटील-पटवारी व चार पंच साक्षीला असत तेव्हा विक्रेत्याचा शब्द गावातच पारखला जाई. दूरस्थ गुंतवणूकदार संकेतस्थळ पाहून नांदेड वा लातूर येथील भूखंड घेऊ लागला, तेव्हा ही पारख कोणी करावयाची, हा प्रश्न उद्भवला.

या प्रदेशातील दप्तराची परंपरा सरळ नाही. निजामी राजवटीत महसुलाचा कारभार १३१७ फसलीच्या, म्हणजे इ. स. १९०७ च्या कायद्यान्वये चाले आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हे चित्र पालटले. १९५४-५५ चे खासरा पाहणीपत्रक आजही मालकीचा माग काढताना शोधावे लागते. पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. सबब तेथील जुन्या खरेदीखतांत जिल्हा उस्मानाबाद असाच आढळतो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील गावे नव्या जागी वसली; तेथे गावाचे नाव तेच राहिले, पण जागा पालटली.

अशा स्थितीत आकर्षक चित्रांचे संकेतस्थळ हे केवळ दवंडीचे नवे रूप ठरते. तिला नोंदीचे स्वरूप दिले ते स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेवर भूखंड पाडून विकणाऱ्याने नोंदणीपूर्वी जाहिरात करू नये. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर स्वतःचे पृष्ठ उघडून मंजुऱ्यांची स्थिती व विकलेल्या भूखंडांची संख्या दर तिमाहीस नोंदवावी. आणि जाहिरातीत त्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा, असे त्यात सांगितले आहे. खोट्या जाहिरातीमुळे नुकसान झाल्यास भरपाईचीही तरतूद आहे.

तथापि मर्यादेहून लहान जागेस ही नोंदणी लागत नाही. तेथे ग्राहकास सातबारा, फेरफार व खासरापत्रक स्वतःच ताडून पाहणे प्राप्त आहे. विक्रेत्याने ही कागदांची साखळी आपल्या संकेतस्थळावर आरंभापासून मांडली, तरच ते विश्वासास पात्र ठरेल. शिवाय कागदावरील खाडाखोड दिसते, संकेतस्थळावरील बदल मागमूस न ठेवता घडू शकतो. म्हणून या पृष्ठांच्या दिनांकित प्रती जपून ठेवणे हे ग्राहकाच्या हिताचे, तसेच उद्याच्या इतिहाससंशोधकाच्याही गरजेचे आहे.